पार्श्वभूमी : सुझोउमधील पिंगजियांगची वाट आणि तिच्या तोंडाशी असलेला हमरस्ता

चीनमधील सुझोउ शहर अडीच हजार वर्षांचे आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. पिंगजियांगची कालव्याकाठची वाट पाहायला जाणाऱ्याने त्याहून अलीकडची एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे १२२९ साली शिळेवर कोरलेला शहराचा नकाशा. पिंगजियांग हे त्या काळी शहराचेच नाव होते. तटाच्या आतले रस्ते, त्यांना समांतर जाणारे कालवे आणि तीनशेहून अधिक पूल या नकाशात आहेत. सुमारे १.६ किलोमीटर लांबीच्या या वाटेवर, एका अंगाला पाणी आणि आडव्या फुटणाऱ्या चिंचोळ्या बोळांतून चालताना, तीच आखणी आजही बरीचशी जुळते.

मधल्या शतकांत येथे अधिकाऱ्यांचे, विद्वानांचे आणि सधन व्यापाऱ्यांचे वाडे उभे राहिले. बाजार तटाबाहेर शानतांगच्या बाजूला भरत असे आणि १८६० च्या युद्धाचा मोठा तडाखाही त्याच बाजूला बसला. शान्शी प्रांतातील व्यापाऱ्यांचे तेथील संघभवन नष्ट झाल्यावर ते १८७९ पासून पिंगजियांगलगतच्या एका बोळात नव्याने बांधले गेले. आज तेथे कुनचू या जुन्या संगीतनाट्याचे संग्रहालय आहे.

१९४९ नंतरच्या दशकांत तटाचा बराच भाग पाडला गेला आणि अनेक कालवे बुजवले गेले. १९८२ मध्ये ऐतिहासिक नगरांच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत सुझोउचा समावेश झाला आणि १९८६ च्या विकास आराखड्याने जुन्या शहराचे रूप समग्रपणे जपण्याचे धोरण स्वीकारले. असे असूनही अवघ्या काही वर्षांत जो निर्णय झाला, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

हा निर्णय गानजियांग रस्त्याच्या रुंदीकरणाचा होता. जुन्या शहराच्या पश्चिमेला एक आणि पूर्वेला एक अशा दोन नव्या औद्योगिक वसाहती आकार घेत होत्या, आणि त्यांना जोडणारा रस्ता शहराच्या बरोबर मधून काढायचे ठरले. १९९२ ते १९९४ या काळात हजारो कुटुंबे हलवण्यात आली आणि दुतर्फा घरे पाडून मधोमध कालवा व दोन्ही काठांवर वाहनांच्या मार्गिका अशी रचना करण्यात आली. समर्थकांचे म्हणणे असे की कालवा बुजवला नाही, इमारतींची उंची मर्यादित ठेवली आणि एका रस्त्याने वाहतुकीचा भार उचलल्यामुळे बाकीच्या गल्ल्या रुंद करण्याची वेळ आली नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु वाहतूक जुन्या शहराला वळसा घालून नेता आली असती, हा आक्षेप त्याने खोडला जात नाही. कालवा राहिला खरा, पण पाण्याकडे मागचे दार असलेली घरे गेली, आणि घरांवाचून असा कालवा म्हणजे रस्त्याचा दुभाजक ठरतो. पिंगजियांगच्या दक्षिण टोकाशी उभे राहिले की एका बाजूला दगडी फरसबंदीची वाट आणि दुसऱ्या बाजूला हा हमरस्ता असे दोन्ही निर्णय एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. बहुतेक पर्यटक याच टोकाकडून आत शिरतात, कारण २०१२ मध्ये सुरू झालेली शहराची पहिली मेट्रोही गानजियांग रस्त्याखालूनच धावते.

पिंगजियांगचे काम २००२ मध्ये हाती घेतले गेले, ते या अनुभवानंतर, आणि ते अधिक संयमाने झाले. कालव्यातला गाळ काढला, तारा आणि नळ जमिनीखाली घेतले, घरे शक्यतो जागच्या जागी दुरुस्त केली आणि रहिवाशांपैकी काहींना तेथेच राहू दिले. या कामाची २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली आणि २०१४ मध्ये चीनच्या महाकालव्याला जागतिक वारसा दर्जा मिळाला, तेव्हा त्याच्या घटकस्थळांत हा परिसरही आला. त्यानंतर मुख्य वाटेवर दुकाने आणि चहागृहे इतकी वाढली आहेत की वस्तीचा रोजचा व्यवहार पाहायचा असेल, तर आडव्या बोळांत वळावे लागते.

संघभवन असलेल्या बोळातला, १९५० च्या दशकात बुजवलेला कालवा अलीकडे पुन्हा खणून पाणी सोडण्यात आले. बोळाची मूळ आखणी मोडलेली नव्हती, म्हणूनच हे शक्य झाले. गानजियांग रस्त्याने दुभंगलेले दोन भाग पुन्हा सांधण्याच्या कल्पनाही मांडल्या गेल्या आहेत. तेथे मात्र काठावरच्या घरांची ओळच उरलेली नाही.