काम मानवतं म्हणजे काय?

नव्या गावी गेलेल्या माणसाची तब्येत बिघडली की आपण म्हणतो, ‘त्याला तिथलं पाणी मानवलं नाही.’ या वाक्यात दोष कुणालाच दिलेला नसतो. पाणी वाईट म्हणावं, तर तेच पिऊन तिथली बाकीची माणसं ठणठणीत असतात. माणूस नाजूक म्हणावा, तर आपल्या गावी तो दगडही पचवत होता. बिघाड असतो तो दोघांच्या जोडीत. कामाचंही असंच असतं, ही समजूत मानसशास्त्रात शंभर वर्षांहून जुनी आहे. ती मोजायला गेल्यावर काय दिसलं, ते मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

१९०८ साली अमेरिकेत बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं एक केंद्र काढलं. त्यांचा सल्ला साधा होता: आधी स्वतःला नीट ओळखा, मग कामं नीट पाहा, आणि दोन्हींचा मेळ घाला. पण मेळ घालायचा तर दोन्ही बाजूंना एकच माप लागतं. कापड मीटरमध्ये आणि अंग वितीत मोजून शिंप्याचं चालत नाही.

ते माप दिलं मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते. भरती झालेल्यांच्या मुलाखती घ्यायच्या आणि कुणाला कुठल्या कामावर पाठवायचं ते सुचवायचं, असं त्यांचं काम होतं. माणसं कितीही आली तरी त्यांचे नमुने थोडेच, असं त्यांना तिथे वाटू लागलं. १९५९ साली त्यांनी सिद्धान्त मांडला आणि पुढे त्याला षट्‌कोनाचा आकार आला. सहा कोपऱ्यांवर सहा पिंड: हत्यारं-यंत्रांत रमणारा वास्तववादी, ‘असं का?’ विचारत बसणारा शोधक, कलात्मक, माणसांत रमणारा सामाजिक, पुढाकार घेऊन दुसऱ्याला पटवणारा उद्यमशील, आणि हिशेब-नोंदी चोख ठेवणारा पद्धतशीर. शेजारचे कोपरे एकमेकांच्या जवळचे, समोरासमोरचे एकमेकांपासून सर्वांत दूर. कलात्मकच्या थेट समोर पद्धतशीर येतो, हे वाचून काही घरांतले बाप-लेक एकमेकांकडे बघतील.

हॉलंड यांची खरी करामत मात्र पुढची आहे. त्यांनी माणसांना लावलेलीच सहा लेबलं कामांनाही लावली. शेवटी एखाद्या कामाचं वातावरण म्हणजे तिथे जमलेली माणसंच, हा त्यामागचा तर्क. अमेरिकी सरकारच्या व्यवसायांच्या माहितीकोशात आजही शेकडो व्यवसायांपुढे हॉलंड यांच्या या सहा पिंडांचीच आद्याक्षरं छापलेली असतात. आपल्याकडे २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली. तिची क्षेत्रं वेगळी आणि सात होती, पण मुळातला विचार तोच: मुलाचा कल ओळखा, त्याला जुळणारं क्षेत्र दाखवा, पुढे तो सुखी होईल.

होतो का?

२०२० साली या प्रश्नावरचे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून तपासले गेले. त्यांत मिळून जवळजवळ चाळीस हजार माणसं होती. आवड आणि काम यांचा मेळ एका बाजूला, नोकरीतलं समाधान दुसऱ्या बाजूला. दोन्हींतला सहसंबंध निघाला ०.१९. हे माप शून्य आलं तर दोन गोष्टींचा काही संबंध नाही, आणि एक आलं तर एकीवरून दुसरी अचूक सांगता येते. ०.१९ चा अर्थ मोटामोटी असा. ज्यांचं काम आवडीशी जास्त जुळतं असा निम्मा गट वेगळा काढला, तर त्यातले शंभरात साधारण ५६ जण इतरांच्या मानाने समाधानी निघतील. नाणं उडवून गट पाडले असते तरी ५० निघाले असते. साठ वर्षांच्या सिद्धान्ताची कमाई सहा माणसं!

आता दुसरा आकडा पाहा. २००५ साली एमी क्रिस्टॉफ-ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच १७२ अभ्यासांची गोळाबेरीज केली होती. त्यात माणूस आणि काम यांचा मेळ व समाधान यांतला सहसंबंध आला ०.५६. म्हणजे वरच्याच हिशेबाने शंभरात ६९. मानसशास्त्रात एवढा आकडा सहसा दिसत नाही. मग एकाच गोष्टीची ही दोन मापं इतकी लांब कशी?

फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. पहिल्या प्रकारात मेळ बाहेरून ठरवला जातो. माणसाकडून प्रश्नावली भरून घ्यायची, त्याच्या नोकरीचं अक्षर तक्त्यात बघायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं. दुसऱ्या प्रकारातल्या बऱ्याच अभ्यासांत माणसालाच विचारलं जातं, ‘हे काम तुम्हाला जुळतं का?’ आणि त्यालाच विचारलं जातं, ‘तुम्ही समाधानी आहात का?’ दोन्ही उत्तरं एकाच डोक्यातून येतात. साहेब आज चांगलं बोलले असतील तर दोन्ही प्रश्नांना ‘हो’ मिळतं. म्हणून ०.५६ हा आकडा थोडा फुगलेला आहे असं मानायला जागा आहे.

पण ०.१९ सुद्धा पूर्ण खरा नाही, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. तक्त्यात ‘बँकेतला कारकून’ ही एकच नोंद असते. एक कारकून तालुक्याच्या गावी खिडकीवर बसतो. पहिल्या तारखेला पेन्शनवाल्यांची रांग बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत जाते. तो आजींचं पासबुक भरून देतो, अंगठा कुठे लावायचा ते दाखवतो, अधूनमधून आजोबांच्या गुडघ्याची चौकशी करतो. दुसरा मुंबईत अकराव्या मजल्यावर पडद्यावरचे आकडे जुळवतो. दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललं तर ते चहासाठी. पगार सारखा, पद सारखं, तक्त्यातलं अक्षर सारखं. पिंडाच्या हिशेबाने मात्र ही दोन वेगळी गावं आहेत. बाहेरचं माप पदाला लागतं, माणूस जगतो तो दिवस.

शिवाय ज्यांना मुळीच मानवत नाही ते टिकतच नाहीत. बेंजामिन श्नायडर यांनी १९८७ साली हे मांडलं: संस्था आपल्यासारखी माणसं ओढते, निवडते, आणि न जुळणारी हळूहळू गळून जातात. संशोधक प्रश्नावली घेऊन पोहोचतो तेव्हा उरलेले बहुतेक बऱ्यापैकी जुळणारेच असतात. त्यांच्यात फरकच कमी, मग मापाला दिसणार काय?

आणखी एक अडचण थोडी बोचरी आहे. काही माणसं कुठेही रमतात, आणि काहींना इंद्रपदावर बसवलं तरी आसन टोचतं. १९८९ सालच्या एका अभ्यासात लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या ३४ जोड्या तपासल्या होत्या. घरं वेगळी, तरी कामातल्या समाधानात त्यांच्यात साम्य होतं. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला सुमारे ३० टक्के वाटा आनुवंशिक असावा, असा संशोधकांचा अंदाज होता. जोड्या थोड्या होत्या, तेव्हा हा आकडा काळ्या दगडावरची रेघ समजू नये. पण ‘नोकरीच वाईट’ म्हणणाऱ्याची ही कितवी नोकरी, हा प्रश्न त्याने उभा केला हे खरं.

नोकरी बदलणाऱ्यांवरचं एक निरीक्षण याच्या जोडीला ठेवण्यासारखं आहे. २००५ साली वरिष्ठ व्यवस्थापकांचा काही वर्षांचा मागोवा घेतला गेला. नोकरी सोडण्याआधी समाधान घसरतं, नव्या जागी एकदम उंच जातं, आणि नंतर पुन्हा ओसरतं. उंच असतानाच्या दिवसांत माणूस मित्राला फोन करून सांगतो, ‘आत्ता कुठे योग्य जागी आलो.’

मग मेळ ही गोष्टच फसवी म्हणायची का? तसंही नाही. २०१८ साली जर्मनीतल्या आठ हजारांहून अधिक नोकरदारांचा अभ्यास झाला. त्यात कुठल्या व्यवसायाला कसा स्वभाव लागतो ते तज्ज्ञांनी ठरवलं होतं, नोकरदारांनी नव्हे. स्वभाव आणि काम जुळलेल्यांची कमाई जास्त निघाली. कामाला लागते त्याहून जास्त कर्तव्यदक्षता असलेले मात्र उलट कमी कमावत होते. (कमाई म्हणजे समाधान नव्हे, हे पगारवाढीनंतर तिसऱ्या महिन्यात कुणालाही कळतं.)

क्रिस्टॉफ-ब्राऊन यांच्या गोळाबेरजेत आणखी एक आकडा होता. वरिष्ठाशी जुळणं आणि समाधान यांतला सहसंबंध ०.४४, संपूर्ण संस्थेशी जुळण्याइतकाच. कुठलीही कलचाचणी साहेब कसा मिळेल ते सांगत नाही.

आणि माणूस पाणी नुसतं पीत नाही, ते उकळून, गाळूनही घेतो. एमी झेस्निएव्स्की आणि जेन डटन यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या सफाई कामगारांशी बोलून हे टिपलं. काहींच्या लेखी काम म्हणजे झाडणं, पुसणं, कचरा उचलणं एवढंच होतं. काहींनी त्याच पदावर, कुणी न सांगता, कामाचा आकारच बदलला होता. ते रुग्णांशी गप्पा मारत, भेटायला आलेल्या म्हाताऱ्या नातेवाइकांना वाट दाखवत. बेशुद्ध रुग्णांच्या विभागातली एक बाई अधूनमधून भिंतीवरच्या चित्रांची जागा बदलत असे, न जाणो या बदलाने त्यांच्या मेंदूला जाग येईल म्हणून. हे तिच्या कामात मोडत नव्हतं, आणि तसं ती स्वतःच सांगायची.

माहितीकोशात सफाई कामगारापुढे हॉलंड यांचं पहिलं अक्षर आहे वास्तववादीचं: हत्यारं आणि यंत्रं. माणसांत रमणाऱ्याचं अक्षर तिथे नाही.