नाशिकची वाइन आणि मराठी ताट

लाल वाइन मटणाबरोबर आणि पांढरी माशांबरोबर, हा युरोपातून आलेला नियम तिकडच्या जेवणापुरता बऱ्यापैकी खरा आहे. मात्र तिखट, आंबट आणि गूळ यांचा एकाच ताटात मेळ घालणाऱ्या मराठी जेवणापुढे तो अपुरा पडतो. वाइनला कोणत्या रंगाचा पदार्थ शोभतो यापेक्षा तिच्यात आम्ल, साखर, टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) आणि अल्कोहोल किती आहे, हे आपल्याकडे अधिक महत्त्वाचे ठरते. नाशिकच्या वाइन या दृष्टीने चाखून पाहण्यासारख्या आहेत.

राजीव सामंत यांच्या ‘सुला’ या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि सोव्हिन्यॉ ब्लां व शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या फ्रेंच द्राक्षजातींना नाशिकच्या मातीत पक्के स्थान मिळाले. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जाते आणि तिचे फळ उन्हाळ्यात पिकते. नाशिकचा बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या फुटीसाठी) आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी (फळासाठी) करून हे चक्र उलटे फिरवतो, त्यामुळे घड थंडीत भरतात आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. मण्यातील मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने खर्च होते. थंड रात्री हा खर्च रोखतात आणि वाइनला तिची तरतरी मिळते.

सोव्हिन्यॉ ब्लांचा पेला नाकाशी नेल्यावर हिरव्या ढोबळ्या मिरचीची आठवण येते, ती उगीच नव्हे. मेथॉक्सीपायराझिन गटातील जे रेणू ढोबळ्या मिरचीला तिचा वास देतात तेच या द्राक्षातही असतात, आणि लिटरमागे अवघे काही नॅनोग्रॅम असले तरी नाक ते ओळखते. पेरू किंवा पॅशनफ्रूटसारखा वास देणारी थायॉल संयुगे मात्र द्राक्षात गंधहीन रूपात बांधलेली असतात. किण्वनाच्या वेळी, म्हणजे साखरेचे अल्कोहोल होताना, यीस्ट ती मोकळी करते. कोथिंबीर वडी किंवा हिरव्या वाटणाचे पदार्थ या वाइनबरोबर रुचतात, कारण हिरवा गंध दोन्हीकडे असतो आणि वाइनचे आम्ल तळणाचा तेलकटपणा जिभेवरून उतरवते.

खरी कसोटी तिखटाची. मिरचीतील कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवते तो मुळात उष्णतेचा संवेदक असून तो साधारण ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. अल्कोहोलच्या सान्निध्यात ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली उतरते. झणझणीत मिसळीवर कडक लाल वाइन घेणे हे आगीत तेल ओतणेच आहे, त्यात टॅनिनचा तुरटपणा त्या दाहाला आणखी धार आणतो. अशा वेळी किण्वन मध्येच थंड करून थांबवलेली, थोडी साखर शिल्लक असलेली शेनिन ब्लां उपयोगी पडते, कारण गोडव्यामुळे दाह कमी जाणवतो. चिंच-गुळाच्या अळूवडीलाही तीच चालते; वाइन पदार्थापेक्षा कमी आंबट किंवा कमी गोड असेल तर ती अनुक्रमे मचूळ किंवा कडवट लागते.

शिराझ या लाल वाइनची गोष्ट निराळी. तिच्यातील मिरीचा गंध रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवले, आणि काळ्या मिरीतही तेच संयुग असते. सुमारे एकपंचमांश लोकांना मात्र तो गंध येतच नाही, तेव्हा ‘मिरी कुठे आहे?’ असे विचारणाऱ्या पाहुण्याला अरसिक ठरवू नये! शिराझचे टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते म्हणून तोंड कोरडे पडते. मटणातील प्रथिने आणि चरबी हा तुरटपणा बराच सौम्य करतात. म्हणून सुके खोबरे आणि काळ्या मसाल्याचे मटण या वाइनला शोभते, फक्त मिरचीवर हात आखडता हवा.

माशांबाबतचा युरोपीय नियम मात्र आपल्याकडेही टिकतो, पण त्याचे कारण रंगात नाही. जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले की वाइनमधील लोह सागरी अन्नातील असंतृप्त मेदाशी गाठ पडताच उग्र हिमूस वास निर्माण करते; लाल वाइनमध्ये लोह बहुधा अधिक असते, इतकेच. तळलेल्या बोंबलांबरोबर थंडगार सोव्हिन्यॉ ब्लां घेणे त्यामुळे शहाणपणाचे.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा सल्लाही युरोपातील थंड घरांचा आहे. नाशिकच्या एप्रिलमध्ये खोली तिशी सहज ओलांडते आणि तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलची वाफ इतर गंधांना झाकून टाकते. शिराझची बाटली जेवणापूर्वी पुरेसा वेळ फ्रिजमध्ये ठेवून साधारण १६ ते १८ अंशांच्या जवळ आणावी. मात्र फार गार केल्यास टॅनिन अधिक तुरट लागते.