ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, कुलूप कंपनीचे

आपला ट्रॅक्टर शेतकऱ्याला स्वतः किंवा हव्या त्या मेकॅनिककडून दुरुस्त करता यावा की नाही, या अमेरिकेतील वादाचे मूळ शेतीविषयक कायद्यात नसून १९९८ च्या डिजिटल प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात आहे. चित्रपट आणि गाण्यांच्या नकला रोखण्यासाठी आणलेल्या या कायद्याच्या कलम १२०१ ने डिजिटल कुलूप, म्हणजे सॉफ्टवेअरमधील संरक्षक अडसर, तोडणे हेच स्वतंत्रपणे बेकायदा ठरवले. पुढे ट्रॅक्टरमध्ये संगणकीय नियंत्रक आले आणि नवा सुटा भाग बसवल्यावरही डीलरच्या सॉफ्टवेअरने मान्यता दिल्याखेरीज यंत्र तो स्वीकारेना, तेव्हा हेच कलम शेताच्या बांधावर येऊन पोहोचले.

येथे एका शब्दाचा गुंता सोडवणे आवश्यक आहे. मराठीत प्रताधिकाराला ‘स्वामित्वहक्क’ही म्हणतात, त्यामुळे ट्रॅक्टरचे स्वामित्व शेतकऱ्याकडे आणि त्यातील सॉफ्टवेअरचा स्वामित्वहक्क कंपनीकडे, अशी विचित्र वाक्यरचना होते, मात्र प्रत्यक्ष वाद नेमका याच दोन हक्कांमधला आहे. कलम १२०१ मधील सवलती ठरवणाऱ्या प्रताधिकार यंत्रणेसमोर २०१५ मध्ये ट्रॅक्टरच्या एका मोठ्या उत्पादकाने अशी भूमिका मांडली की, खरेदीदाराला सॉफ्टवेअरच्या बाबतीत यंत्राच्या आयुष्यापुरता, ते चालवण्याचा गर्भित परवाना तेवढा मिळतो. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या यंत्राबाबत हा युक्तिवाद पटणे कठीण आहे, आणि निर्णयही काही अंशी शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. दर तीन वर्षांनी ठरणाऱ्या सवलतींमध्ये निदान, दुरुस्ती आणि कायदेशीर फेरबदल यांसाठी ट्रॅक्टरचे कुलूप तोडण्याची मुभा मिळाली. परंतु ती वर्षभराने लागू झाली आणि मालकाने स्वतः केलेल्या कामापुरतीच होती; गावातल्या मेकॅनिकला त्यात स्थान नव्हते. २०१८ मध्ये ही अट निघाली, तरी मुख्य अडचण कायम राहिली, कारण कुलूप तोडण्याच्या कृतीला सवलत देता येते, पण त्यासाठी लागणारे साधन बनवून विकण्यावरची बंदी शिथिल करण्याचा अधिकार कायद्याने त्या यंत्रणेला दिलेलाच नाही. ऐन कापणीत यंत्र अडलेल्या शेतकऱ्याने असे साधन स्वतः लिहून काढावे, अशी अपेक्षा त्यातून निघते. (भारताच्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या सुधारणेने आलेल्या कलम ६५अ मध्ये कुलूप तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असावा ही अट आहे, आणि हा फरक लहान नाही.)

त्यानंतर लढा राज्यांकडे वळला. जानेवारी २०२३ मध्ये एका शेतकरी संघटनेने याच उत्पादकाशी सामंजस्य करार केला. त्यात दुरुस्तीची साधने देण्याच्या आश्वासनाबदल्यात संघटनेने राज्यांतील कायद्यांना पाठिंबा न देण्याचे मान्य केले होते. कोलोरॅडोने मात्र एप्रिल २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीहक्काचा देशातील पहिला कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय नियामकाने काही राज्यांसह त्याच उत्पादकावर खटला भरला. सर्व दुरुस्त्या करू शकणारे सॉफ्टवेअर केवळ अधिकृत डीलरांनाच दिले जाते, हा त्यातील प्रमुख आरोप आहे.