खोटा फोटो आहे हे सिद्ध करून भागत नाही

डीपफेक (एआयने बनवलेला खोटा फोटो किंवा व्हिडिओ) म्हटलं की बहुतेकांना पुढाऱ्यांची खोटी भाषणं आठवतात. पण हा शब्दच मुळात २०१७ मधे रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या एका युजरच्या नावावरून आला, जो नट्यांचे चेहरे पॉर्न व्हिडिओंवर चिकटवायचा, आणि २०१९ मधे डीपट्रेस या कंपनीने नेटवरचे डीपफेक व्हिडिओ मोजले तेव्हा त्यातले ९६ टक्के असेच, संमतीशिवाय केलेले पॉर्न निघाले. तेव्हा एका चेहऱ्याचे शेकडो फोटो लागायचे. आता एखाद्या मुलीचा नग्न फोटो बनवायला तिचा एक साधा फोटो पुरतो, कारण एआय मॉडेल आधीच ढीगभर फोटोंवर शिकलेलं असतं, कपड्यांच्या जागी काय असेल ते अंदाजाने भरून टाकतं. म्हणजे ते शरीर तिचं नसतंच, चेहरा तेवढा तिचा.

"फेकच आहे ना, मग कशाला मनावर घ्यायचं" असं म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. बनवणारा तर कित्येकदा स्वतःच फेक म्हणून सांगून टाकतो, त्याने काय फरक पडला? कोणी कोणी पाहिलं असेल हा विचार तिच्या डोक्यातून जात नाही, शाळा-ऑफिसला जाणं नको वाटतं, वर ब्लॅकमेल. त्यामुळे फेक ओळखणारी सॉफ्टवेअर इथे फारशी कामाची नाहीत, फोटो पसरायचा थांबणं महत्त्वाचं.

त्यासाठी हॅश नावाची चांगली युक्ती आहे. फोटो बारीक करून त्यातल्या उजेड-अंधाराच्या नक्षीवरून आकड्यांची एक ओळ तयार करतात, साइज बदलली किंवा थोडे रंग बदलले तरी ती जवळपास तशीच राहते. स्टॉपएनसीआयआय ही सेवा (२०२१ पासून, १८ वर्षांवरच्यांसाठी) ही आकड्यांची ओळ तुमच्याच फोनवर काढते, फोटो कुठेही अपलोड होत नाही, फक्त आकडे सोशल मीडिया कंपन्यांकडे जातात, आणि त्यांच्याशी जुळणारा फोटो दिसला की त्या तो काढू शकतात. लहान मुलांसाठी टेक इट डाउन ही तशीच सेवा आहे. अडचण एवढीच की ज्या कंपन्या यात सामील नाहीत तिथे याचा काही उपयोग नाही, आणि नवा फोटो बनवला तर त्याचा हॅशही नवा.

म्हणून कायदा लागतोच. अमेरिकेत मे २०२५ च्या कायद्याने तक्रारीनंतर ४८ तासांत फोटो काढायचं बंधन घातलंय, दक्षिण कोरियात २०२४ पासून असले व्हिडिओ नुसते जवळ ठेवणं, बघणंसुद्धा गुन्हा.

कुणावर अशी वेळ आली तर घाबरून सगळं डिलीट करू नका, आधी लिंक, तारीख, अकाउंटचं नाव यांचे स्क्रीनशॉट घ्या मग रिपोर्ट करा. आणि "बघा कोणीतरी हे केलंय" म्हणून तो फोटो पुढे पाठवू नका, कुणालाच.