उजवी लेन रिकामी का हवी?

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला जवळजवळ २८ मीटर अंतर कापते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना हीच कमाल वेगमर्यादा आहे. समजा, मधल्या लेनमध्ये समोर ताशी ८० ने जाणारा १८ मीटर लांबीचा ट्रेलर आहे. त्याच्या ५० मीटर मागून तुम्ही उजव्या लेनमध्ये गेलात आणि त्याच्या ५० मीटर पुढे निघून परत मधल्या लेनमध्ये आलात. तुमच्या गाडीची ४ मीटर लांबी धरली तर ट्रेलरपेक्षा १२२ मीटर जास्त कापायचे आहेत. दोघांच्या वेगातला फरक ताशी २०, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. त्यामुळे या ओव्हरटेकला २२ सेकंद लागतात, आणि तोवर गाडी ६०० मीटरहून जास्त पुढे गेलेली असते.

तुम्ही १०० ऐवजी ९० ने गेलात तर फरक निम्मा होतो आणि वेळ दुप्पट: ४४ सेकंद, ११०० मीटर. एवढा वेळ उजवी लेन अडलेली राहते. म्हणून वेगमर्यादेत राहून ताशी १५-२० चा फरक मिळत नसेल, तर मागेच थांबावे. ट्रेलरच्या बाजूने रेंगाळत जाण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

या मार्गावर एका दिशेला तीन लेन आहेत. डावी जड वाहनांसाठी, मधली मोटारींसाठी आणि उजवी फक्त पुढे जाण्यासाठी. प्रत्यक्षात मात्र ‘मी ठरलेल्या वेगाने चाललोय, मग कशाला सरकू?’ असे म्हणत अनेक जण पहिल्या टोलपासून शेवटच्या टोलपर्यंत उजवी लेन धरून बसतात. उजवीकडे ८० ने जाणारी मोटार आणि तिच्या शेजारी मधल्या लेनमध्ये ८० नेच जाणारा ट्रक, एवढ्यावर तीनपैकी दोन लेन बंद होतात. मागे गाड्यांची रांग लागते, दोन गाड्यांतले अंतर आक्रसते आणि कोणीतरी कंटाळून डावीकडून निसटतो. मग तो ट्रकच्या पुढे कट मारून उजवीकडे घुसतो. मागचा ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा थोडा जास्त दाबतो, आणि ब्रेकची ही लाट रांगेत मागे मागे सरकत जाते. जपानमधल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर घेराच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. रस्त्यात अडथळा काहीच नव्हता. तरी थोड्या वेळात कोंडी तयार झाली आणि ती ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने सरकू लागली. दाटीने चाललेल्या गाड्यांत छोटेसे चढउतारही मोठे होत जातात. द्रुतगती मार्गावर अपघात नाही, काम नाही, तरी गाड्या मध्येच थबकतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

डावीकडून ओव्हरटेक करण्यात आपल्याकडे आणखी एक धोका आहे. भारतात चालक उजवीकडे बसतो. ट्रकच्या केबिनमधून उजवी बाजू त्याला बऱ्यापैकी दिसते. डावीकडे, दरवाज्याच्या खाली आणि जरा मागे, एक अख्खी मोटार त्याच्या नजरेआड राहू शकते. तुम्ही नेमके तिथे असताना तो डाव्या लेनमध्ये परत येऊ लागला, तर त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. शिवाय डाव्या लेनमध्ये पुढे ताशी ४० ने जाणारा भरलेला ट्रक असू शकतो. १०० ने जाणाऱ्या मोटारीच्या दृष्टीने त्याच्यापर्यंतचे १०० मीटर सहा सेकंदांत संपतात.

उजवीकडून जायचे तर सुरुवात लवकर करावी, ट्रकच्या मागे नाक लावून नव्हे. जवळ गेलात की पुढचा रस्ता दिसत नाही आणि ट्रकचालकाच्या आरशांतूनही तुम्ही नाहीसे होता. आधी आतला आरसा, मग उजवा आरसा, मग इंडिकेटर. तो किमान चार वेळा लुकलुकू द्यावा. साधारण तीन सेकंद होतात. त्यानंतर उजव्या खांद्यावरून एक नजर, कारण आरशाच्या टप्प्याबाहेर गाडी असू शकते. मगच सरकावे. उंच कंटेनरच्या शेजारून पुढे जाताना हवेच्या दाबाने गाडी आधी आत ओढल्यासारखी वाटते आणि मग त्याच्या पुढच्या टोकाशी बाहेर ढकलली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी स्थिर धरावे, झटका देऊ नये. ट्रकचे दोन्ही हेडलाइट तुमच्या आतल्या आरशात पूर्ण दिसू लागले की डावा इंडिकेटर देऊन मधल्या लेनमध्ये यावे. मागून कोणी डिपर मारण्याची वाट पाहू नये. आत आल्याबरोबर वेगही कमी करू नये.

समोरच्या ट्रकच्या उजव्या इंडिकेटरकडे विशेष लक्ष द्यावे. दुपदरी रस्त्यावर काही चालक तो ‘पुढे जा’ या अर्थाने देतात, तर काही ‘समोरून गाडी येतेय, थांब’ या अर्थाने. द्रुतगती मार्गावर त्याचा एकच अर्थ धरावा: ट्रक उजवीकडे येतोय. अशा वेळी गाडी मागे ठेवावी.

खंडाळ्याचा घाट चढताना हिशेब पार बदलतो. ४० टन वजनाचा, २०० अश्वशक्तीचा ट्रक ५ टक्के चढावर ताशी वीसच्या आसपासच जाऊ शकतो. तो १५ ने जाणाऱ्या दुसऱ्या ट्रकला ओलांडू लागला, तर दोघांची लांबी आणि मधले अंतर धरून ६० मीटर कापायला ४० सेकंदांहून जास्त लागतात. तोपर्यंत एक अख्खी लेन जवळपास उभी असते आणि वळणातून येणाऱ्या मागच्या मोटारीसमोर तो ट्रक अचानक येतो. घाटात म्हणूनच जड वाहनांनी डावी लेन न सोडणे सगळ्यांत महत्त्वाचे आहे, आणि मोटारवाल्यांनी वळणाआधीच वेग उतरवावा.

उतारावर प्रश्न ब्रेकचा असतो. हाच ट्रक ५ टक्के उतारावर ताशी ४० चा वेग राखत असेल, तर टायरचा रोध वजा जाता पावणेदोनशे किलोवॅटच्या घरात ऊर्जा सतत जिरवावी लागते. १००० वॅटच्या पावणेदोनशे इस्त्र्या एकदम तापाव्यात इतकी उष्णता. खालच्या गिअरमध्ये असताना यातला बराच भार इंजिन घेते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ते तापून पकड सोडतात. अशा ट्रकला ओलांडून लगेच त्याच्यासमोर येऊन ब्रेक दाबणे फार धोक्याचे आहे. उतारावर ओव्हरटेक केल्यानंतर त्याच्यापुढे ५० मीटरऐवजी १०० मीटर तरी मोकळे ठेवावेत. पावसात तर त्याहूनही जास्त: ओल्या रस्त्यावर तुमच्या मोटारीलाच १०० च्या वेगावरून थांबायला, प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरून, १३५ मीटरच्या आसपास लागू शकतात.