झरा कोणत्या बाजूचा?

घातक कचऱ्याचं विष जमिनीतल्या पाण्यात उतरलं आहे का, हे तपासायला नमुना कसा घ्यायचा, ते विद्यार्थ्यांना दाखवायला मिरज तालुक्यातल्या एका मळ्यात गेलो होतो. आधी बोअरची मोटर सुरू करून पाणी बराच वेळ वाहू द्यायचं. पाइपात आणि बोअरमध्ये साचून राहिलेलं शिळं पाणी निघून गेल्याशिवाय खडकातलं खरं पाणी हाती येत नाही. बादलीत मीटर सोडायचा आणि त्यावरचा आकडा स्थिर झाला की मगच बाटली भरायची. धातू तपासायचे असतील तर बाटलीत नायट्रिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो. क्रोमियम या धातूच्या विषारी रूपासाठी मात्र आम्ल न घालता दुसरी बाटली भरून लगेच बर्फात ठेवायची.

मळ्याचे मालक आबा हे सगळं शांतपणे बघत होते. मुलांनी बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहिली, तसे ते म्हणाले, "नुसतं बोअरचं घिऊन काय कळणार? हे पाणी लांबनं येतंय. हिरीचा झरा उगवतीचा हाय. मावळतीकडचा बहात्तरच्या दुष्काळात आटला, तो परत फुटलाच न्हाई."

घातक कचऱ्याने नासलेली जमीन साफ करण्याच्या शास्त्रात हे एक वाक्य फार मोलाचं आहे. आपल्याकडचा खडक दख्खनचा काळा बेसॉल्ट. वाळूतून पाणी जसं सगळीकडून सारखं झिरपतं, तसं यात होत नाही. वरच्या मुरमातून ते उतरतं आणि खाली कातळातल्या भेगा-सांध्यांतून वाट काढतं. म्हणून एका बांधावरच्या विहिरीला भरपूर पाणी असतं आणि शेजारची बोअर दोनशे फुटांवरही कोरडी जाते. पाण्यात मिसळलेलं विषही याच वाटांनी जातं. कचरा पुरलेल्या जागेच्या शेजारची विहीर चांगली आणि दोन शेतं ओलांडून पलीकडची खराब, असं सहज होऊ शकतं. नकाशावर सरळ चौकटी आखून नमुने घेतले तर ती भेग नेमकी चुकू शकते. झरा कोणत्या अंगाने आणि किती हातांवर फुटला, हे विहीर खोदताना आत उतरलेल्या माणसाला माहीत असतं.

वेळेचंही तसंच. उसाला पाणी चालू असलं की आसपासच्या मोटरी भूजल आपल्याकडे ओढतात आणि प्रवाहाची दिशाच बदलू शकते. शेतीची लाईट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे तपासनिसाच्या वहीत नसतं. शेतकऱ्याला ते झोपेतही ठाऊक असतं.

जगात या विषयाची सुरुवातच अशा माहितीतून झाली. अमेरिकेत नायगरा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल नावाच्या जुन्या, अर्धवट कालव्यात एका रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला. नंतर ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला गेली. तिथे शाळा झाली, भोवती घरं उठली. १९७८ मध्ये लोइस गिब्ज ही तिथली गृहिणी दारोदार फिरून कोणाच्या घरी कोणतं आजारपण आहे ते विचारू लागली आणि नकाशावर खुणा करू लागली. खुणा विखुरलेल्या नव्हत्या, त्यांच्या ओळी दिसत होत्या. जुन्या रहिवाशांनी सांगितलं की घरं होण्याआधी तिथून ओहोळ वाहायचे, ते बुजवून वर वस्ती झाली. बेव्हर्ली पायगेन या कर्करोग संशोधक बाईंनी ती माहिती नीट मांडली. आजारपणं बुजलेल्या ओहोळांच्या काठाने जास्त होती. सरकारी बाजूने आधी ही 'गृहिणींची माहिती' म्हणून झटकून टाकली गेली. पुढे शेकडो कुटुंबं हलवावी लागली आणि डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेत 'सुपरफंड' कायदा झाला. असे उकिरडे शोधून साफ करायचे आणि खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून वसूल करायचा, हा त्याचा गाभा. १९८६ च्या दुरुस्तीने गावकऱ्यांच्या गटाला स्वतःचा तज्ज्ञ नेमण्यासाठी ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळू लागलं. मला या कायद्यातलं हे कलम सर्वांत शहाणपणाचं वाटतं. अहवाल लोकांच्या हातात देणं वेगळं आणि तो त्यांच्या बाजूने वाचून सांगणारा माणूस देणं वेगळं.

आता आबांच्या झऱ्याचा साफसफाईशी काय संबंध, ते क्रोमियमवरून बघू. लोखंडाच्या वस्तूला चकाकी देणाऱ्या प्लेटिंगच्या धंद्यात क्रोमियम लागतं. त्याचं एक रूप, रसायनशास्त्रात ज्याला सहा संयुजेचं म्हणतात, पाण्यात सहज विरघळतं, दूरवर जातं आणि कर्करोगकारक आहे. तीन संयुजेचं रूप त्या मानाने फार कमी घातक, आणि साध्या भूजलात ते विरघळत नाही, मातीला धरून बसतं. म्हणजे पहिल्याचं दुसरं करता आलं की निम्मं काम झालं. त्यासाठी वापरतात ते फेरस सल्फेट, आपलं हिराकस. हिराकसातलं लोह क्रोमियमला इलेक्ट्रॉन देतं आणि विरघळलेलं विष गाळ होऊन खाली बसतं. हे जमिनीच्या पोटात करायचं तर बोअर मारून द्रावण आत सोडावं लागतं. वाळूत ते पसरतं. बेसॉल्टमध्ये ते भेगेतूनच जाणार, आणि चुकीच्या भेगेत सोडलं तर सगळा पैसा पाण्यात. तिथे 'झरा उगवतीचा हाय' हे वाक्य कामाला येतं.

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम नको, असं भारतीय मानक सांगतं. पाण्याला पिवळी झाक दिसायला मात्र ते साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास जावं लागतं, म्हणजे मर्यादेच्या वीसपट. "पाणी कसं काचेसारखं आहे" यावर कोणी विसंबू नये. शोधायचं कुठे ते गाव सांगेल. किती आहे ते बाटलीच सांगेल.

आपल्या कायद्यातही आता लोकांच्या माहितीला जागा झाली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने स्वतःहून अथवा लोकांच्या तक्रारीवरून संशयित जागा शोधायच्या, दर सहा महिन्यांनी यादी द्यायची. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. नियमांत १८९ घातक रसायनांची यादी आहे, आणि जबाबदार ठरेल त्यानेच खर्च सोसायचा आहे. उणीव एकच, पण मोठी: सफाई कधी पूर्ण करायची याची मुदत त्यात नाही. नियम निघाले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू झालेल्या फक्त सात.

लोकांना सगळ्यात शेवटी सांगितलं की काय होतं, ते मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला दिसलं. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन कचरा वायुगळतीनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला, बारा कंटेनरमधून तिथे जाळायला नेला. गावात उद्रेक झाला. मग न्यायालयाकडून लोकांना समजावण्यासाठी वेळ घ्यावा लागला, आधी तीन टप्प्यांत ३० टन जाळून धुराची मोजमापं घ्यावी लागली, आणि जूनअखेरीस उरलेला कचरा संपला. हीच चाचणी, हेच आकडे गाड्या निघण्याआधी लोकांसमोर ठेवता आले असते.

लोकांनी स्वतः पुढे होणं आपल्या सांगली जिल्ह्याला नवं नाही. येरळा नदीवरचं बळीराजा धरण बलवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी स्वतः उभं केलं, तेही नदीतली वाळू विकून. आटपाडीच्या लोकांनी समन्यायी पाणीवाटपाचा हिशेब मांडला. पाण्याचा हिशेब कळणाऱ्या या लोकांना विहिरींची नोंदवही जड जाणार नाही. विहीर कधी खोदली, झरा कोणत्या बाजूचा, पाण्याचा रंग-वास कधी बदलला, आसपास कोणता ओढा किंवा खाण कधी आणि कशाने बुजवली, एवढं एका शाळेच्या वहीत मावतं. ग्रामसभेने ते दरवर्षी एकदा वाचून ठराव केला, तर तक्रारीसोबत जोडायला कागद तयार असतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे आधी जावं, कारण बुजलेले ओढे त्यांनाच आठवतात.

त्या दिवशी आम्ही विहिरीचाही नमुना घेतला. पायऱ्या उतरून आबा स्वतः पाण्यापर्यंत गेले आणि ओलसर कातळावरची एक चीर हाताने दाखवली. तिथून पाणी बारीक धारेने येत होतं. मुलीने बाटली त्या धारेखालीच धरली आणि चिठ्ठीवर लिहिलं: विहीर, पूर्वेचा झरा.