मुंबईतील अन्न-असुरक्षितता

मुंबईतील अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना वर्षभर पुरेसे आणि सकस अन्न मिळेलच, याची खात्री नसण्याची स्थिती. धान्याचा तुटवडा हे तिचे कारण नव्हे. वाशीच्या घाऊक बाजारात माल असतोच. गावाकडे थोडीफार शेती, परसातली भाजी, पावसाळ्यातल्या रानभाज्या यांचा आधार असतो. शहरात मात्र मिठापासून पाण्याच्या हंड्यापर्यंत सगळे रोखीने घ्यावे लागते. त्यामुळे नाक्यावरच्या मजुराचा खाडा झाला, की त्याची झळ त्याच संध्याकाळी चुलीला लागते. बांधकामे थंडावण्याचा आणि शाळांच्या खर्चाचा काळ एकत्र येतो, म्हणून जून-जुलै हे महिने विशेष ओढाताणीचे.

घरभाडे, वीजबिल, भिशीचा हप्ता यांना थांबवता येत नाही. काटछाट करता येते ती जेवणातच. आधी डाळ पातळ होते, मग भाजी आणि दूध बंद होते. भात-पोळी शेवटपर्यंत टिकते. सकाळची न्याहारी चहा-खारीवर आणि दुपार वडापाववर निभावली जाते. तेल, डाळ, साखर दहा-वीस रुपयांच्या पुड्यांतून आणावी लागते आणि अशी सुटी खरेदी किलोच्या हिशेबाने महागच पडते. वाण्याच्या वहीवर उधारी असली, तर तो सांगेल तो भाव. पोट भरते, पण अंगी लागत नाही, अशी ही अवस्था असल्याने उपासमारीच्या नोंदींत ती सहसा सापडत नाही. घरातली बाई सगळ्यांच्या मागून जेवते आणि उरेल ते खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

मुंबईत रेशनिंग सुरू झाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये. पुढे गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कोकण-घाटावरच्या कामगारांना खाणावळवाल्या बायकांनी पोसले. सावकाराच्या व्याजातून या बायकांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. त्याआधी १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली निघालेल्या लाटणे मोर्चांनी महागाईचा प्रश्न थेट स्वयंपाकघरातून रस्त्यावर आणला. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. महिन्याचा पगार आणि त्या भरवशावरचा महिन्याचा किराणा ही घडी नंतर अनेक घरांत पुन्हा बसलीच नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा (२०१३) प्राधान्य कुटुंबाला (उत्पन्न मर्यादेच्या आत असलेल्या) माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला (गरिबांतल्या सर्वांत गरीब) एकूण ३५ किलो धान्याचा हक्क देतो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅमच्या आसपास, तेही नुसते धान्य. डाळ-तेल या हक्कात बसत नाही. तरीही गोवंडी, मानखुर्दसारख्या वस्त्यांत महिन्याचे गणित या धान्यावरच जुळते, तेव्हा त्याला तुटपुंजे म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही.

खरी अडचण लाभार्थींच्या यादीत नाव लागण्याची आहे. देशपातळीवर कायद्याने ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत, तर शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंतच लोकांना सामावून घेतले. महाराष्ट्रात अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक ५९,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा होती, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. मुंबईत नवरा बिगारी आणि बायको दोन घरची धुणीभांडी करणारी असली, तरी हा आकडा ओलांडला जातो. खरे उत्पन्न सांगणारे बाहेर पडतात. शिवाय राज्याला ठरवून दिलेला इष्टांक, म्हणजे लाभार्थींच्या संख्येची मर्यादा, आहे. त्यामुळे केशरी कार्ड हातात असूनही ‘कार्ड ऑनलाइन नाही’, म्हणजे संगणकावरच्या लाभार्थी यादीत नाव नाही, हे उत्तर शिधावाटप कार्यालयात ऐकावे लागते. भाडेकरूंची गोची वेगळी: अनेक झोपडीमालक भाडेकरार करून देत नाहीत, आणि पत्त्याच्या पुराव्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे गावचे कार्ड मुंबईत चालते. मात्र गावाकडे राहिलेले आई-वडील त्याच कार्डावर धान्य उचलत असतील, तर शहरातल्यांच्या हाती फारसे काही उरत नाही. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे रेशन दुकानातल्या ओळख पटवणाऱ्या यंत्रावर न उमटणे हीदेखील नेहमीची तक्रार.

शिजवलेल्या अन्नाच्या सरकारी योजनाही येऊन गेल्या. १९९५ नंतर युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. त्या केंद्रांची चर्चा पुढे खाण्यापेक्षा मोक्याच्या जागांमुळे अधिक झाली. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळे. टाळेबंदीत तिची किंमत पाच रुपयांवर आणली गेली. एकट्या कष्टकऱ्याला अशा थाळीचा मोठा आधार होतो. पाच माणसांच्या घराला त्याचा उपयोग मर्यादित, कारण केंद्रावर येऊन खाणे घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लहान मुलांना जमण्यासारखे नसते. मुलांसाठी अंगणवाडीचा पूरक आहार आणि शाळेतली खिचडी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत खिचडीही बंद असते.